पलटणीचा आकडा वाचताना: मार्क अँटनीचं लीजन-नाणं ओळखणं, पारखणं आणि जपणं

रोमन चांदीचं नाणं घ्यायचं मनात आलं की बहुतेकजण सम्राटाचा चेहरा शोधतात. रोमन सेनापती मार्क अँटनीच्या या नाण्यावर चेहराच नाही. एका बाजूला वल्ह्यांची युद्धनौका, दुसऱ्या बाजूला तीन ध्वज, आणि ध्वजांच्या पायाशी ‘लेग’ अशी तीन लॅटिन अक्षरं व एक रोमन आकडा. ‘लेग’ म्हणजे लेगिओ, इंग्रजीत लीजन, आपल्या बोलीत पलटण म्हणू. हे नाणं सहाव्या पलटणीच्या नावाने पाडलं की बाराव्या, हे तो आकडा सांगतो. नेमका तोच भाग सर्वांत जास्त झिजलेला असतो.

माझ्या पहिल्या नाण्यासोबत आलेल्या चिठ्ठीवर ‘तिसरी पलटण’ असं लिहिलं होतं. दोन वर्षं मी तेच खरं मानलं. एका संध्याकाळी टेबलावरच्या दिव्याचा उजेड आडवा पडला आणि तीन रेघांच्या आधी एका फुलीचं टोक उठून दिसलं. नाणं तेराव्या पलटणीचं होतं. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने घाईत वाचलं आणि मी वाचलंच नाही. म्हणून सगळ्यात जास्त जागा मी इथे आकडा वाचण्याला देतो आहे. बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत.

आधी थोडं: ही नाणी का पाडली?

इ.स.पू. ३२-३१ चा हिवाळा. रोमच्या सत्तेसाठी लढाई तोंडावर आलेली: एकीकडे ऑक्टेवियन (पुढचा सम्राट ऑगस्टस), दुसरीकडे अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा. अँटनीचं आरमार आणि सैन्य ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर तळ देऊन होतं, आणि त्याचा स्वतःचा मुक्काम पात्राई, म्हणजे आजच्या पात्रास शहरात होता. ही नाणी त्याच सुमारास, सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत पाडली गेली असं साधारणपणे मानतात.

हेतू सरळ होता: पगार. सीझरच्या काळापासून लीजनच्या साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे अशी चांदीची नाणी, मिळत. एका पलटणीत पाच हजार माणसं धरली तर वर्षाचे सव्वाअकरा लाख होतात. नाण्यांवर तेविसाव्या पलटणीपर्यंतचे आकडे दिसतात. तेवीसही पलटणींचा हिशेब केला तर एका वर्षाचा आकडा अडीच कोटींच्या पुढे जातो. पलटणी क्वचितच पूर्ण भरलेल्या असत, तरी ही नाणी आजही बाजारात इतकी का दिसतात हे या गणितावरून कळतं.

२ सप्टेंबर इ.स.पू. ३१ ला ॲक्टियमच्या समुद्रात अँटनी हरला आणि क्लिओपात्रेच्या मागे इजिप्तला निघून गेला. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या पलटणी आठवडाभर थांबल्या. सेनापती कॅनिडियसही रातोरात निघून गेल्यावर त्या शत्रूला जाऊन मिळाल्या. त्यांची नाणी मात्र पुढची अडीचशे वर्षं चालत राहिली.

त्याचं कारण धातूत आहे. या नाण्यांत तांबं थोडं जास्त घातलेलं होतं. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने तर अँटनीने देनारियसमध्ये लोखंड मिसळलं असं लिहून ठेवलं आहे. आजच्या तपासण्यांत भेसळ तांब्याची निघते, लोखंडाची नाही. चांगल्या चांदीचं नाणं लोक घरात ठेवत किंवा वितळवत, आणि हलकं नाणं पुढे ढकलत. पुढे इ.स. ६४ मध्ये नीरोने देनारियसचं वजन आणि कस दोन्ही उतरवले, नंतरच्या सम्राटांनी आणखी उतरवले, आणि एकेकाळी हिणकस ठरलेलं अँटनीचं नाणं बरोबरीचं, मग वरचढ ठरलं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पुरलेल्या साठ्यांतही ती सापडतात. इतक्या हातांतून गेलेलं नाणं गुळगुळीत होणारच. ही झीज मला दोष वाटत नाही. वाचण्याच्या कामात मात्र तीच आडवी येते.

पायरी पहिली: वजन आणि माप

नाणं नेहमी कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. दोन हजार वर्षांची चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, फरशीवर पडली तर तडकते.

व्यास १७ ते १९ मिलिमीटरच्या आसपास भरला पाहिजे. वजन नवं असताना पावणेचार ग्रॅमच्या जवळ असे. झिजलेलं नाणं ३.२ ते ३.७ ग्रॅम भरलं तर काळजी नको. तीन ग्रॅमच्या खाली गेलं तर थांबा आणि चौथ्या पायरीकडे जा. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. सराफाकडे असतो तसा निदान ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

पायरी दुसरी: नौकेची बाजू

नौकेचं तोंड उजवीकडे असतं. खाली वल्ह्यांची रांग, नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभारलेली काठी. वरच्या मजकुराचा अर्थ ‘अँटोनियस, आउगुर’ असा. इथे नवखे हमखास चुकतात. ते तीन अक्षरांचं ‘आउग’ पाहतात आणि ‘ऑगस्टस’ वाचतात. ऑक्टेवियनला ऑगस्टस ही पदवी इ.स.पू. २७ मध्ये मिळाली, अँटनीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आउगुर म्हणजे पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन पाहणाऱ्या पुरोहित मंडळाचा सदस्य. अँटनी त्या मंडळात होता आणि ते तो मिरवत असे.

नौकेखालचा मजकूर तीन उभ्या रेघांनी सुरू होतो. त्याचा अर्थ ‘राज्याची घडी बसवण्यासाठी नेमलेल्या तिघांपैकी एक’. झिजलेल्या नाण्यावर यातली दोन-चार अक्षरं दिसली तरी पुरे, कारण ही बाजू मालिकेतल्या सगळ्या नाण्यांवर जवळजवळ सारखीच आहे. हिच्यावर फार वेळ घालवू नका.

पायरी तिसरी: ध्वजांची बाजू, म्हणजे खरं काम

मधल्या काठीवर पंख पसरलेला गरुड बसलेला दिसेल. तो पलटणीचा मुख्य ध्वज, लॅटिनमध्ये आक्विला. तो शत्रूच्या हाती लागणं ही पलटणीची सर्वांत मोठी नामुष्की समजत. दोन्ही बाजूंचे ध्वज चकत्यांच्या माळेसारखे दिसतात. गरुडाच्या काठीच्या डावीकडे, खाली, ‘लेग’. उजवीकडे, खाली, आकडा.

आता उजेड. खोलीतला मोठा दिवा बंद करा. मोबाईलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून, आडवा, नाण्याच्या एका कडेकडून पाडा. मग टॉर्च तसाच ठेवून नाणं हळूहळू गोल फिरवा. उभी रेघ तिच्या दिशेने आलेल्या उजेडात दिसतच नाही, आडव्या उजेडात एकदम सावली टाकते. फुलीच्या दोन तिरक्या रेघा दोन वेगवेगळ्या दिशांच्या उजेडात एकेक करून दिसतात. म्हणून एका कोनातून वाचलेल्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवू नका. मी आठ दिशांनी आठ फोटो काढतो आणि संगणकावर शेजारी-शेजारी लावून पाहतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग हवंच, पण उजेड चुकीचा असेल तर भिंगाचा काही उपयोग होत नाही.

आकडा वाचताना तीन चिन्हं लक्षात ठेवा: उभी रेघ एक, खाली टोक असलेला कोन पाच, फुली दहा. मग या जागा तपासा:

- काठी आणि पहिलं दिसणारं चिन्ह यांच्यामधली मोकळी जागा. ती जास्त वाटली तर तिथलं एखादं चिन्ह झिजून गेलेलं असू शकतं. माझी तेरावी पलटण अशीच ‘तिसरी’ झाली होती.
- कोन की फुली? फुलीचा खालचा अर्धा भाग झिजला तर उरलेला वरचा भाग हुबेहूब कोनासारखा दिसतो. सहा आणि अकरा यांची गल्लत इथेच होते.
- शेवटची रेघ उजव्या ध्वजाच्या काठीला चिकटलेली आहे का? काठीलाच रेघ समजून एक आकडा वाढवणारे पुष्कळ आहेत.
- नाण्याची खालची कड. ठसा किंचित वर बसला असेल तर आकड्याचा खालचा भाग चकतीबाहेर राहतो. मग उरलेल्या वरच्या भागावरून शंभर टक्के खात्री देता येत नाही, आणि तसं कबूल करावं.

चारचा आकडा चार उभ्या रेघांनीही लिहिलेला मिळतो आणि ‘पाचात एक कमी’ या पद्धतीनेही. नऊ, चौदा, एकोणीस अशा आकड्यांचंही तसंच. शाळेत शिकलेल्या रोमन अंकांहून वेगळा आकडा दिसला म्हणून नाणं खोटं ठरवू नका.

तीन पलटणींची नावं आकड्यासोबत पूर्ण लिहिलेली आहेत: बारावी ‘आंतिक्वा’, सतरावी ‘क्लासिका’ आणि अठरावी ‘लिबिका’. म्हणजे जुनी, आरमारी आणि लिबियाची. या नाण्यांवर मजकूर ध्वजांच्या वर येतो, त्यामुळे वरची कडही पाहायची सवय ठेवा. याशिवाय सेनापतीच्या अंगरक्षक तुकड्यांचं एक नाणं आहे आणि टेहळ्यांच्या तुकडीचं एक. टेहळ्यांच्या नाण्यावर गरुड नसतो. तिथे तीन सारखे ध्वज असतात, त्यांवर पुष्पचक्रं आणि नौकेच्या नाळेच्या छोट्या प्रतिकृती. ही पाचही नाणी साध्या आकड्यांपेक्षा बरीच महाग जातात.

पहिल्या पलटणीचं नाणं समोर आलं तर हुरळून जाऊ नका. ते अतिशय दुर्मिळ आहे, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पलटणीच्या नाण्यावरच्या रेघा खरवडून ‘पहिली’ बनवणं सोपं आहे. खरवडलेल्या जागी पृष्ठभाग भोवतालपेक्षा खोलगट आणि जास्त चकचकीत दिसतो. तेविसाच्या पुढचा आकडा कुणी दाखवला तर तोही संशयास्पद धरा.

आकडा ठरला की मायकेल क्रॉफर्ड यांच्या १९७४ च्या रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांच्या सूचीतला क्रमांक लावा. ही मालिका तिथे ५४४ क्रमांकाखाली आहे. दुसरी पलटण ५४४/१४, तिसरी ५४४/१५, सहावी ५४४/१९, साधी बारावी ५४४/२६. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ऑनलाइन सूचीत हेच क्रमांक वापरले आहेत आणि ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहांतले फोटो एकत्र पाहता येतात. आपलं नाणं त्याच पलटणीच्या निदान पाच-सहा फोटोंशेजारी ठेवून पाहा. आकड्याची जागा, रेघांमधलं अंतर, गरुडाच्या पंखांची ठेवण यांतून बराच संशय फिटतो.

एक सावधगिरी इतिहासाचीही. अँटनीच्या पाचव्या किंवा दहाव्या पलटणीला पुढच्या काळातल्या त्याच क्रमांकाच्या पलटणीशी डोळे मिटून जोडू नका. ऑक्टेवियनकडेही त्याच आकड्यांच्या स्वतःच्या पलटणी होत्या. काही नाती पक्की आहेत, सहावी ‘फेराता’ आणि तिसरी ‘गाल्लिका’ अँटनीच्याच बाजूच्या, पण प्रत्येक आकड्याबाबत तसं म्हणता येत नाही.

नाण्यावरचे परके ठसे

पृष्ठभागावर चंद्रकोर, ठिपका किंवा एखादं अक्षर टोचल्यासारखं दिसलं तर ते बहुधा त्या काळच्या सराफाचं परीक्षेचं चिन्ह आहे. मला अशी नाणी आवडतात. कुणीतरी ते नाणं हातात घेऊन पारखलं होतं, याची ती खूण आहे.

क्वचित एक चौकोनी शिक्का दिसतो, त्यात सम्राट व्हेस्पेसियनच्या नावाची आद्याक्षरं. इ.स. ६९ ते ७९ हा त्याचा राज्यकाळ. आशिया मायनरमध्ये, बहुधा एफिससला, जुन्या झिजलेल्या देनारियसवर हे शिक्के मारले गेले. आपल्याकडच्या नाणेसंग्राहकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. सातकर्णीने हरवलेल्या राजाचं नाणं आपलं करून घेतलं. व्हेस्पेसियनने शंभर वर्षं जुनं, हरलेल्या सेनापतीचं नाणं पुन्हा चालतं केलं. असा शिक्का असलेल्या नाण्याला ‘खराब झालेलं’ म्हणून कमी किंमत देणारा विक्रेता भेटला तर ते जरूर घ्या.

पायरी चौथी: पाण्यातलं वजन

अँटनीच्या काळातही खोटी नाणी होती. आत तांब्याचा गाभा, वर चांदीचा पातळ पत्रा. कडेला हिरवट किंवा लालसर ठिपके दिसले, कुठे पापुद्रा उचललेला दिसला, तर शंका घ्या. खात्री करायला नाण्याला इजा न करता घरी करता येणारी एक चाचणी आहे.

काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. समजा नाणं ३.६० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.३५. उत्तर १०.२९. शुद्ध चांदी १०.४९, शुद्ध तांबं ८.९६. १०.२९ म्हणजे थोडं तांबं असलेली चांगली चांदी, या मालिकेला शोभेल अशी. उत्तर ९.१ आलं तर आत तांबं आहे.

इथे काट्याची चूक जीवघेणी ठरते. ०.३५ च्या जागी ०.३६ वाचलं तर उत्तर थेट १०.०० होतं. म्हणून शक्यतो ०.००१ ग्रॅमचा काटा वापरा, नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे ओल्या ब्रशने काढा, आणि पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

हे ओळखीच्या सराफाकडे करणार असाल तर आधी एक गोष्ट स्पष्ट सांगा: कसोटीच्या दगडावर घासायचं नाही, आम्ल लावायचं नाही, कानस लावायची नाही. सवयीने हात तिकडेच जातो.

आधुनिक नकला वेगळ्या. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आणि कडेला जोडाची रेघ असते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात. यंत्राने दाबलेली नक्कल जास्त फसवी. तिथे एकच उपाय: जुन्या लिलावांचे फोटो चाळा. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एकच असू शकतो, पण दोघांवर एकाच जागी तोच ओरखडा, तीच फुटलेली कड असू शकत नाही. तशी जोडी सापडली तर एका मूळ नाण्यावरून नकला काढल्या आहेत.

पायरी पाचवी: घेताना

ही नाणी प्रामुख्याने युरोप आणि अमेरिकेतल्या लिलावांत मिळतात. बोलीच्या रकमेवर वीस टक्क्यांच्या आसपास खरेदीदाराचं शुल्क, वर टपाल, विमा आणि सीमाशुल्क. बोली लावण्याआधी हे सगळं मिळवून आकडा ठरवा. नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं, कोणत्या लिलावातून आलं, याचा कागद मागा. तो नसेल तर नाणं कुठून तरी बेकायदा खणून काढलेलं असू शकतं.

‘हे आमच्याकडे जमिनीत सापडलं’ अशी गोष्ट सांगून कुणी भारतातच अँटनीचं नाणं विकत असेल तर दुहेरी सावध राहा. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत मुख्य भरणा ऑगस्टस आणि टायबेरियस यांचा आहे, आणि तोही दक्षिणेत, विशेषतः कोइंबतूरच्या पट्ट्यात. शिवाय जमिनीत सापडलेला ऐवज १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांसाठी खास: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. सुट्टीत घरच्यांना दाखवायला म्हणून संग्रह सोबत आणलात तर परत नेताना विमानतळावर अडकाल. फोटो आणा.

अँटनीपासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं, पण वाट पुढेही आहे. इ.स. ६८ मध्ये आफ्रिकेत बंड करणाऱ्या क्लोडियस माकरने पलटणींच्या नावांचे देनारियस पाडले, ते फार दुर्मिळ. मार्कस ऑरेलियस आणि लुसियस वेरस या सम्राटांनी सहाव्या पलटणीचं अँटनीचंच नाणं जवळपास दोनशे वर्षांनी पुन्हा पाडलं, त्यावर आपली नावं घालून. इ.स. १९३ मध्ये सेप्टिमियस सेवेरसने आपल्याला साथ देणाऱ्या पलटणींची नाणी काढली. त्यांतल्या चौदाव्या पलटणीने त्याला आधी सम्राट घोषित केलं होतं. सम्राट गॅलिएनसच्या नाण्यांत चांदी नावालाच, पण प्रत्येक पलटणीचं चिन्ह असतं, कुठे मकर, कुठे बैल, कुठे जुळ्यांना पाजणारी लांडगी.

पायरी सहावी: जपताना

चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांडी घासायची पूड यांतलं काहीही लावू नका. देवघरातल्या चांदीला चालतं ते इथे चालत नाही. काळपट थर हा नाण्याचा भाग आहे, आणि आकडा पुष्कळदा त्या थराच्या फरकामुळेच वाचता येतो. माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवा, मऊ कापडावर टिपून वाळवा, बस.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनच्या आधी बदला. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, त्यांतून चिकट हिरवट द्रव सुटतो. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांनी चांदी काळी पडते.

प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीने लिहिलेली. माझ्या त्या पहिल्या नाण्याची आताची चिठ्ठी अशी आहे: ‘मार्क अँटनी, देनारियस, इ.स.पू. ३२-३१. पलटण १३ (फुलीचं फक्त वरचं डावं टोक दिसतं, डावीकडून आडव्या उजेडात). क्रॉफर्ड ५४४/२७. ३.४१ ग्रॅम. नौकेवर चंद्रकोरीचं सराफी चिन्ह. आधीची नोंद: पलटण ३.’ जुनी नोंद मी खोडली नाही.